फ्लॅट ट्रॅकसाठी क्वाडचं सस्पेन्शन: आधी टायर, मग उंची, क्लिक सगळ्यात शेवटी

फ्लॅट ट्रॅकवर, म्हणजे उडी नसलेल्या सपाट गोल ट्रॅकवर, क्वाड (हँडलने वळणारी, मोटरसायकलसारखी चारचाकी) नीट वळत नाही म्हटलं की पहिला हात जातो तो शॉकअपच्या क्लिकरकडे, म्हणजे त्याची हालचाल किती रोखायची (डँपिंग) ते ठरवणाऱ्या स्क्रूकडे. दोन क्लिक आत, चार क्लिक बाहेर, एक फेरी, पुन्हा तेच. दिवस मावळतो आणि गाडी सकाळी होती तशीच राहते. बहुतेक वेळा खरा घोळ टायरच्या हवेत, गाडीच्या उंचीत नाहीतर चारही चाकांवर वजन कसं वाटलं गेलंय त्यात असतो. डँपिंगच्या स्क्रूने तो सुटणारच नसतो.

म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. टायर बदलला की उंची बदलते, उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, कोन आणि उंची बदलली की वजनाची वाटणी बदलते. उलट्या बाजूने सुरुवात केली तर प्रत्येक पायरीवर आधीची मेहनत पुसली जाते.

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात क्वाड दोन प्रकारची भेटते. कुणीतरी हौसेने आणलेली ४५० सीसीची स्पोर्ट क्वाड, किंवा अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांनी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून उभी केलेली. दोन्हींना हाच क्रम लागतो. ओव्हल ट्रॅकवर फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावीकडे, हे धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. बाहेरचं चाक म्हणजे उजवं, आतलं म्हणजे डावं.

## हात लावण्याआधी एवढं समजून घ्या

स्पोर्ट क्वाडला मागे एकच सरळ ॲक्सल असतो. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं. ॲक्सल स्विंगआर्मला (फ्रेमला सांध्याने जोडलेल्या मागच्या दांड्याला) धरलेला आणि स्विंगआर्मवर एकच शॉकअप. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, मागची दोन्ही चाकं कायम सारख्याच वेगाने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण ॲक्सल त्याला सवलत देत नाही. त्यामुळे गाडी वळायला नाखूश असते आणि सरळ जाऊ पाहते.

दुसरी गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. स्विंगआर्म फक्त वर-खाली हलतो, तो डावी-उजवीकडे कलत नाही. म्हणजे वळणात गाडी उजवीकडे झुकते तेव्हा मागच्या बाजूला तो झोक झेलायला स्प्रिंग नसतेच, फक्त टायरचं रबर आणि त्यातली हवा असते. मागच्या टायरमधला १ पीएसआय इथे स्प्रिंग बदलल्याइतकं काम करतो. हवा वरवर तपासणाऱ्याने मागची स्प्रिंगच वरवर तपासली असं समजा.

## तयारी: जागा, काटे आणि सामान

गॅरेजची फरशी सपाट दिसते पण नसते. पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप आणा, पाणी भरा आणि चारही चाकं जिथे टेकणार त्या जागांची पातळी मिळवा. फरक दिसेल तिथे पत्र्याचे तुकडे किंवा प्लायचे चौकोन टाकून चारही जागा २ मिमीच्या आत एका पातळीत आणा आणि चुन्याच्या फक्कीने किंवा रंगाने खूण करून ठेवा. पुढची सगळी मापं याच खुणांवर.

वजनासाठी एकसारखे चार इलेक्ट्रॉनिक काटे मिळाले तर उत्तम. केळी आणि कापूस मोजणाऱ्यांकडे प्लॅटफॉर्म काटे असतात, एका दिवसापुरते मागून आणता येतात. एकच काटा असेल तर त्याच्याच उंचीचे तीन लाकडी ठोकळे करा आणि काटा एकेका चाकाखाली फिरवा. ठोकळे आणि काटा यांची उंची तंतोतंत सारखी हवी.

याशिवाय लागेल ते असं:

- ० ते १५ पीएसआयचा कमी दाबाचा गेज. पंक्चरवाल्याकडचा मोठा गेज ५ आणि ७ यांतला फरक दाखवू शकत नाही.
- ओळंबा, बारीक दोरा, खडू.
- पातळ स्टीलची टेप. शिंप्याची टेप १५० सेंटीमीटरला संपते आणि टायरचा घेर त्याहून जास्त भरू शकतो.
- स्प्रिंगच्या कॉलरचा (स्प्रिंग आवळणाऱ्या-सोडणाऱ्या रिंगचा) सी-पाना, भक्कम जॅक स्टँड.
- वही. मोबाइलमध्ये नव्हे, ग्रीसच्या हातानेही लिहिता येईल अशी वही.

गाडी जशी धावणार तशीच मोजायची. पेट्रोल निम्मं, आणि चालक हेल्मेट, बूट, गार्डसकट सीटवर. मोटोक्रॉसच्या ४५० सीसी क्वाडचं वजन १८० किलोच्या आसपास असतं (यामाहा वायएफझेड४५०आर पेट्रोल-तेलासह १८४ किलो आहे). त्यावर ७० किलोचा माणूस बसला की एकूण वजनातला पाव भागाहून जास्त वाटा त्याचाच. तो न बसवता घेतलेलं माप फेकून द्या.

तपासणी: जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि आडवं हलवा. बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, ए-आर्मचे (पुढचं चाक फ्रेमला धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, स्विंगआर्मचा पिव्होट, कुठेही खडखड आली तर आधी ते बदला. खेळ असलेल्या जॉइंटवर कोन लावणं म्हणजे वेळ घालवणं.

## टप्पा १: टायर, हवा आणि घेरातला फरक

ॲक्सल एकच असल्याने वळणातली अडचण सोडवायचा मार्ग एकच: उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा ठेवायचा. याला स्टॅगर म्हणतात. शंकू जमिनीवर ढकलला की बारीक टोकाकडे आपोआप वळतो, तसंच हे.

किती फरक? समजा वळणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि मागच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत १ मीटर अंतर आहे. बाहेरचं चाक २०.५ मीटर त्रिज्येवर धावतं, आतलं १९.५ वर. गुणोत्तर १.०५. डाव्या टायरचा घेर १४३६ मिमी असेल (१८ इंची टायरचा कागदावरचा घेर एवढा येतो), तर उजव्याचा साधारण १५१० मिमी हवा, म्हणजे ७४ मिमीचा फरक.

हा पूर्ण फरक लावू नका. हे गणित टायर अजिबात घसरत नाही असं धरून केलेलं आहे, आणि मुरमाच्या ट्रॅकवर मागची चाकं घसरूनच वळतात. शिवाय सरळ पट्ट्यात एवढा स्टॅगर गाडीला सतत डावीकडे ओढेल. २५ ते ४० मिमीने सुरुवात करा.

मोजायची रीत: टायर गाडीवर, धावताना असते तेवढी हवा, टेप टायरच्या बरोबर मधल्या रेषेवरून, दोनदा. एकाच मापाच्या दोन टायरमध्येही काही मिमीचा फरक निघतो. मोठा निघाला तो उजवीकडे. बाकीचा फरक हवेतून आणि टायरच्या निवडीतून काढा. मात्र डावीकडे १८ इंची आणि उजवीकडे २० इंची बसवायचा मोह टाळा, तो फरक १६० मिमीच्या घरात जातो.

हवेची सुरुवात: पुढे दोन्हीकडे ६ ते ७, मागे डावीकडे ५, उजवीकडे ६ पीएसआय. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. यापेक्षा खाली जायचं असेल तर बीडलॉक रिम (टायरची कडा आवळून धरणाऱ्या) हव्यात, नाहीतर वळणात टायर रिमवरून उतरू शकतो.

सावधान, ऊन: एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या काळ्या टायरचं तापमान त्याहून बरंच वर. सकाळी २५ अंशाला भरलेली ६ पीएसआय हवा टायर ६० अंशाला तापला की ८ च्या वर जाते. कारच्या ३० पीएसआयमध्ये अशी दोन-अडीचची वाढ खपून जाते, इथे ती मूळ हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. त्याच वेळी एका बाजूच्या टायरवर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असेल तर स्टॅगरही बदलतो. गाडी पूर्ण सावलीत उभी करा, कापडी मांडव चालेल, आणि ट्रॅकवर उतरण्याआधी प्रत्येक वेळी हवा मोजा.

## टप्पा २: उंची आणि प्रवास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

मोटोक्रॉसची क्वाड उडी मारण्यासाठी बनलेली असते. वर सांगितलेल्या यामाहाला पुढे ९.८ आणि मागे ११ इंच प्रवास (चाक वर-खाली हलू शकतं ते अंतर) आहे. फ्लॅट ट्रॅकवर उडी नाही. इथे तेवढी उंची म्हणजे फक्त वर गेलेला गुरुत्वमध्य आणि वळणात आतली चाकं उचलली जाण्याची भीती. फ्लॅट ट्रॅकची क्वाड ५ ते ६ इंच उंचीवर बसवतात, माप फ्रेमच्या खालच्या पाइपपासून जमिनीपर्यंत, चालक बसलेला असताना. आपल्याकडचे ट्रॅक रोलर फिरवलेल्या मुरमाचे असतात, त्यात खळगे राहतातच. पहिल्यांदा ६ वर ठेवा. ट्रॅक खरंच गुळगुळीत असेल तर नंतर अर्ध्या-अर्ध्या इंचाने खाली या. मागची उंची पुढच्याइतकी किंवा अर्धा इंच कमी.

आता खाली कशी आणायची?

चुकीची रीत म्हणजे स्प्रिंगची कॉलर सोडत जाणं. गाडी खाली येते, पण शॉकअपची पूर्ण लांबी तशीच राहते. चाक हवेत गेलं की स्प्रिंग सैल पडते, जागेवरून सरकते. शिवाय वळणात आतलं चाक लांबपर्यंत खाली लोंबतं आणि गाडी उजवीकडे कलत राहते.

बरोबर रीत म्हणजे शॉकअपचीच लांबी कमी करणं. आत रॉडवर स्पेसर टाकून शॉकअप पूर्ण उघडण्याआधी थांबवतात. त्यासोबत कमी लांबीची, कडक स्प्रिंग लागते, कारण आता कमी प्रवासात तेवढंच वजन झेलायचं आहे.

स्पेसर किती जाडीचा? पुढचा शॉकअप ए-आर्मच्या मधोमध बसलेला असल्याने शॉकअप १० मिमी हलला तर चाक त्याहून जास्त हलतं. अंदाज करू नका. स्प्रिंग काढा, चाकाखाली जॅक लावून चाक ५० मिमी वर न्या आणि शॉकअप किती दबला ते मोजा. २७ मिमी दबला तर प्रमाण ०.५४. याचा अर्थ गाडी ६० मिमी खाली आणायची तर शॉकअपमध्ये सुमारे ३२ मिमीचा स्पेसर. कॉलेजच्या टीमनी हे प्रमाण पाठच करावं, कारण चाकाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले या प्रमाणाचा वर्ग. ०.५४ चा वर्ग ०.२९. स्प्रिंगवर जो आकडा लिहिलाय त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी चाकापर्यंत पोचतो. शॉकअप जरा जास्त तिरपा लावला की तो आणखी घटतो, आणि मग "एवढी कडक स्प्रिंग लावली तरी गाडी बसते कशी" असा प्रश्न पडतो.

सावधान, गॅस: रिझर्व्हॉयर (तेल-गॅसची जोडडबी) असलेल्या शॉकअपमध्ये जोरदार दाबाचा नायट्रोजन असतो. तो सोडल्याशिवाय शॉकअप उघडला तर पिस्टन अंगावर येऊ शकतो. स्पेसर टाकायचं काम नायट्रोजन भरायची सोय असलेल्या शॉकअपच्या कारागिराकडूनच करून घ्या. टायरमध्ये नायट्रोजन भरणाऱ्या दुकानातला दाब यासाठी पुरत नाही.

स्प्रिंग परत बसवल्यावर सॅग मोजा. चाक हवेत असताना फ्रेमपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि चालक बसल्यावरचं अंतर, यांतला फरक म्हणजे सॅग. चाकाचा एकूण प्रवास ६ इंच केला असेल तर दीड ते पावणेदोन इंच ठीक. फार कमी आला तर स्प्रिंग कडक आहे. जास्त आला तर कॉलर थोडी आवळा, पण दहा-बारा मिमीच्या पुढे आवळावी लागत असेल तर स्प्रिंगच मऊ आहे, बदला.

तीन तपासण्या, पुढे जाण्याआधी:

एक. स्प्रिंग काढून गाडी हळूहळू पूर्ण खाली बसवा. बंप रबर (प्रवासाच्या शेवटी धक्का झेलणारं रबर) दबल्यावरही फ्रेम जमिनीपासून सुटी राहिली पाहिजे. फ्रेम आधी टेकत असेल तर वरचा प्रवासही मर्यादित करावा लागेल.

दोन. त्याच स्थितीत हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर, टाय रॉड, ब्रेकचा होज, काहीही कुठे घासता कामा नये.

तीन. चेन. स्विंगआर्मचा कोन बदलला की चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताठ असते. मागची चाकं वर-खाली करून ती स्थिती शोधा आणि ढील तिथे ठेवा. उभ्या गाडीवर ढील पाहून चेन आवळली तर पहिल्याच खळग्यात बेअरिंगवर ताण येतो.

## टप्पा ३: कॅस्टर, कॅम्बर, टो, याच क्रमाने

कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचं आत-बाहेर कलणं, टो म्हणजे वरून पाहताना पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. टो शेवटी, कारण आधीचे दोन बदलले की टो हलतोच.

कॅस्टर दोन्हीकडे गाडीच्या पुस्तकातला ठेवा. ओव्हलसाठी उजवीकडे किंचित जास्त कॅस्टर देतात, त्याने हँडल डावीकडे हलकं होतं. पहिल्या दिवशी त्याची गरज नाही.

कॅम्बर मात्र पहिल्या दिवसापासून दोन बाजूंना वेगळा. वळणात गाडी उजवीकडे झुकते तेव्हा दोन्ही चाकांनी जमिनीवर सपाट बसावं म्हणून दोन्हींचं डोकं आधीच डावीकडे कललेलं हवं. उजव्या चाकाचं वरचं टोक आत, २ अंश. डाव्याचं वरचं टोक बाहेर, १ अंश. दोन्ही चाकं वरून आत झुकलेली असतात ती मोटोक्रॉसची मांडणी. तीच ओव्हलवर ठेवली तर डावा टायर फक्त आतल्या कडेवर चालतो.

मोजायला महागडं यंत्र नको. ओळंबा रिमच्या समोर सोडा, दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. दोन कडांमधली उंची २७० मिमी असेल तर १ अंशाला ४.७ मिमी फरक येतो. चालक बसलेला असताना मोजा, आणि मोजण्याआधी गाडी दोन हात मागे-पुढे ढकला. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचे टायर आडवे अडकून बसलेले असतात, माप खोटं येतं.

सावधान: कॅम्बरसाठी बॉल जॉइंट किंवा रॉड एंड बाहेर काढताना आट्याच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबीचे आटे आत राहिले पाहिजेत. १२ मिमीचा आटा असेल तर १८ मिमी आत. चेकनट आवळायचं विसरू नका, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना रॉड फिरतो.

टोसाठी हँडल सरळ करून दोन्ही बाजूंनी दोरीने बांधा. चाक फिरवत खडूने किंवा खिळ्याने टायरच्या मधोमध बारीक रेष ओढा. हबच्या उंचीवर दोन रेषांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर ३ मिमी कमी हवं. टाय रॉड दोन्हीकडचे सारखे फिरवा, नाहीतर हँडल वाकडं बसेल. वळणात शिरायला गाडी फारच आळशी वाटली तर नंतर शून्यापर्यंत नेऊन पाहता येईल.

गाडी खाली आणल्यावर आणखी एक गोष्ट बिघडू शकते. चाक वर-खाली होताना टो बदलत राहतो, याला बंप स्टिअर म्हणतात. स्प्रिंग काढलेली असतानाच हबला सरळ पट्टी बांधा, चाक प्रवासभर हलवा आणि पट्टी किती वळते ते पाहा. वळत असेल तर टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची स्पेसरने बदलावी लागेल. कॉलेजच्या बहुतेक गाड्यांचं हँडल खळग्यात हिसका मारतं ते यामुळेच, आणि त्याचा दोष शॉकअपला दिला जातो.

## टप्पा ४: चाकांवरचं वजन

आता काटे. गाडी काट्यांवर, चालक सीटवर दोन्ही हात हँडलला, नजर समोर. चार आकडे लिहा.

समजा आले असे: पुढे डावं ५८, पुढे उजवं ६०, मागे डावं ७०, मागे उजवं ६६. एकूण २५४. आता पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज करा, १३०. भागिले २५४, म्हणजे ५१.२ टक्के. हा तिरका वाटा. सुरुवातीला तो ५० वर आणा, अर्ध्या टक्क्याच्या आत आलं तरी चालेल.

बदलायचा कसा? मागे एकच शॉकअप असल्याने हा वाटा फक्त पुढच्या दोन कॉलरनी हलतो. पुढची उजवी कॉलर आवळली की पुढच्या उजव्यावर आणि मागच्या डाव्यावर वजन वाढतं, बाकीच्या दोनवर घटतं. उंची टिकवण्यासाठी एक बाजू अर्धा फेरा आवळा आणि दुसरी अर्धा फेरा सोडा. प्रत्येक बदलानंतर गाडी दोनदा दाबून सोडा, मग आकडे वाचा.

तिरका वाटा वाढला की गाडी वळायला जड होते पण मागून शांत राहते. कमी झाला की चटकन वळते आणि मागून सुटते. कोरड्या, भुरभुरीत ट्रॅकवर एखादा टक्का वाढवून उपयोग होतो.

काही जण डाव्या बाजूचं एकूण वजन वाढवायला कॉलर फिरवत बसतात. ते शक्य नाही. कॉलर फक्त तिरकी वाटणी बदलते. डावी बाजू जड करायची तर बॅटरी किंवा चालक डावीकडे सरकवावा लागेल, आणि चालक ते वळणात लटकून करतोच.

स्टॅगरचा इथे संबंध येतो. उजवा मागचा टायर मोठा असल्याने ॲक्सलचं उजवं टोक काही मिमी वर असतं आणि तो कल थेट पुढच्या कॉलरपर्यंत पोचतो. म्हणून काट्यावर चढवल्यानंतर टायर बदलला किंवा मागच्या एका टायरची हवा हलवली तर हा टप्पा पुन्हा करायचा.

तपासणी: वजन जुळल्यावर उंची, कॅम्बर आणि टो पुन्हा एकदा मोजा. थोडं हललेलं असेल. दुरुस्त करा, पुन्हा काट्यावर घ्या. दोन चकरांत बसतं.

## टप्पा ५: आता क्लिक

प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, जोर लावू नका, तिथून बाहेर येताना क्लिक मोजा. एकूण २० असतील तर १० वर ठेवा. हे वहीत लिहा.

आधी रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडतानाचं डँपिंग. पुढची बाजू जोरात दाबून सोडा. ती एकदाच वर येऊन थांबली पाहिजे. उसळून पुन्हा बसली तर रिबाउंड आत, चिखलातून वर येतेय असं वाटलं तर बाहेर.

मग कम्प्रेशन, म्हणजे शॉकअप दबतानाचं. लो-स्पीडचा स्क्रू गाडी किती झपाट्याने झुकते ते ठरवतो, हाय-स्पीडचा खळग्याचा धक्का. ओव्हलवर कामाचा तो लो-स्पीडचा. उजव्या पुढच्या शॉकअपला तो दोन क्लिक आत, म्हणजे वळणात शिरताना गाडी एकदम उजवीकडे बसत नाही. डाव्या पुढच्याला रिबाउंड एक-दोन क्लिक आत, म्हणजे ती बाजू झटकन वर येत नाही. याहून जास्त आवळलं तर डावं चाक खळग्यात उतरायच्या आधीच पुढे निघून जातं.

## टप्पा ६: ट्रॅकवर

काळ्या कापसाच्या जमिनीवर चाचणी करू नका. उन्हाळ्यात तिला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मारलं की चिकटा होतो. मुरमाचं माळरान, जागामालकाची परवानगी, आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी, सकाळी रोलर, असा ट्रॅक लागतो. सकाळी सातला ओल असते, टायर धरतो. अकराला तोच ट्रॅक वर धूळ आणि खाली कडक झालेला असतो. सकाळच्या फेऱ्यांची दुपारच्या फेऱ्यांशी तुलना करू नका. तासाभरात जे बदल तपासायचे तेवढेच तपासा.

टेदर किल स्विच (चालक पडला की इंजिन बंद करणारा) मनगटाला, नर्फ बार (पुढच्या-मागच्या चाकांमधले पायाचे संरक्षक दांडे) बसवलेले, छातीचा आणि मानेचा गार्ड, ट्रॅकच्या आत कुणीही उभं नाही. याशिवाय इंजिन चालू करू नका. गाडीची नोंदणी नसेल तर ट्रॅकपर्यंत ती छोट्या हत्तीत न्या, रस्त्यावरून चालवत नाही.

पाच-सहा फेऱ्या अर्ध्या वेगात, मग खाली उतरून चेकनट, चाकांचे नट आणि हवा. त्यानंतर खऱ्या फेऱ्या. एका वेळी एकच बदल. काय झालं ते चालकाने हेल्मेट काढताच सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. नेमकं विचारा: वळणात शिरताना, मधोमध की बाहेर पडताना?

शिरतानाच पुढून बाहेर घसरते: पुढची हवा १ पीएसआय कमी. फरक नाही पडला तर तिरका वाटा एक टक्का खाली. मग उजव्या पुढच्याचं कम्प्रेशन दोन क्लिक बाहेर.

मधोमध सरळ जाऊ पाहते, हँडल वळवूनही: स्टॅगर कमी पडतोय. १० मिमीने वाढवा. क्लिकला हात लावू नका.

बाहेर पडताना मागून सुटते: आधी मागच्या दोन्ही टायरची हवा अर्धा पीएसआय कमी (बीडलॉक रिम असतील तर), मग मागचं कम्प्रेशन दोन क्लिक बाहेर. स्टॅगर ४० च्या वर असेल तर तो कमी करून पाहा.

सरळ पट्ट्यात डावीकडे ओढते: थोडं ओढणं स्टॅगरमुळे असणारच. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागत असेल तर स्टॅगर जास्त आहे, किंवा मागचा ब्रेक अडकतोय. चाक हाताने फिरवून आधी ब्रेक पाहा.

डावी दोन्ही चाकं उचलली जातात: ताबडतोब थांबा. उजवा मागचा टायर जमिनीत रुतून धरला की अशीच क्वाड पलटी होते. उंची अर्धा इंच खाली, चाकांची रुंदी नियमात बसेल तेवढी वाढवा, उजव्या मागच्या टायरची हवा १ पीएसआय वाढवा म्हणजे तो धरण्याऐवजी घसरेल. रुंदीसाठी आयोजकांची नियमावली वाचा. अमेरिकेतल्या मोटोक्रॉस स्पर्धांत क्वाडची कमाल रुंदी ५० इंच असते, आणि बाजारातले रुंद ए-आर्म व ॲक्सल त्याच मापाला धरून बनतात.

दहा फेऱ्यांनंतर गाडी पहिल्यापेक्षा मऊ, तरंगती वाटायला लागली तर शॉकअपच्या डबीजवळ हात न्या. उन्हात तेल पातळ झालेलं असेल. वीस मिनिटं सावलीत थांबा. गरम शॉकअपवर क्लिक आवळून पुढच्या फेऱ्या मारल्या तर गार झाल्यावर तीच गाडी दगडासारखी कडक लागेल आणि वहीतले आकडे निरुपयोगी होतील.

टायर काय सांगतो तेही पाहा. फेऱ्या संपल्या की लगेच पुढच्या उजव्या टायरची आतली, मधली आणि बाहेरची पट्टी तपासा. बाहेरची कडा जास्त घासलेली दिसली तर उजव्याचा कॅम्बर अर्धा अंश वाढवा, आतली घासली तर कमी करा. मधली पट्टीच झिजत असेल तर हवा जास्त आहे.

घरी आणल्यावर गाडी धुताना शॉकअपच्या सीलवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, मुरमाची बारीक धूळ सीलच्या आत जाते. ओल्या फडक्याने रॉड पुसा. त्या गाडीवर दुसरा चालक बसणार असेल आणि त्याच्या वजनात पाच-सात किलोंचाही फरक असेल, तर वहीचं नवं पान उघडा आणि टप्पा २ मधल्या सॅगपासून पुन्हा मोजायला घ्या.